मराठी कथेतील चित्तवेधकतेचा शोध : रिसबुडांच्या अडचणीपासून बागुलांच्या कथेपर्यंत

प्रस्तावना

एखादी गोष्ट वाचनीय का वाटते, हा प्रश्न वरकरणी अभिरुचीचा आहे. ज्याला जे आवडते ते त्याने वाचावे, असे म्हणून तो सोडून देता येतो. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता हा प्रश्न इतका साधा नाही. कोणत्या काळात कोणाचे जीवन सांगण्याजोगे मानले गेले आणि कोणाचे जीवन नीरस, क्षुल्लक किंवा अनुल्लेखनीय म्हणून गोष्टीबाहेर ठेवले गेले, याचा वाङ्मयाइतकाच समाजाच्या रचनेशीही संबंध असतो. 'यात सांगण्यासारखे काय आहे?' हा प्रश्न पुष्कळदा 'हा माणूस सांगण्यासारखा आहे काय?' या प्रश्नाचेच सौम्य रूप असते.

मराठी गद्यकथेच्या इतिहासात हा प्रश्न फार लवकर आणि फार स्पष्टपणे विचारला गेला. एकोणिसाव्या शतकातील एका कादंबरीकाराने आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो मांडला आणि त्याचे एक उत्तरही दिले. पुढील सुमारे शंभर वर्षांत मराठी कथेने जे महत्त्वाचे टप्पे गाठले, त्यांपैकी बहुतेकांना या उत्तराचे खंडन असे म्हणता येते. प्रस्तुत निबंधात या शतकभराच्या वादाचा मागोवा घेतला असून, कथेची चित्तवेधकता नेमकी कशात असते याविषयी त्यातून काय निष्पन्न होते हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचनाच्या ओघात कथा आणि कादंबरी हे दोन्ही प्रकार आले आहेत. कारण आरंभीच्या काळात या दोहोंतील सीमारेषा पुसट होती आणि वाचनीयतेचा प्रश्न दोहोंनाही समान होता.

श्रवणाची परंपरा आणि छापील गोष्ट

मुद्रणकला येण्यापूर्वी मराठी समाज गोष्ट वाचत नव्हता, ऐकत होता. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करून उत्तररंगात आख्यान लावी. शाहीर पोवाड्यातून पराक्रम उभा करी. घरोघरी व्रतांच्या कहाण्या सांगितल्या जात. या सर्व प्रकारांत गोष्टीचा शेवट श्रोत्यांना बहुधा ठाऊक असे. हरिश्चंद्राचे पुढे काय होणार हे माहीत असूनही श्रोता रात्र जागवीत असे. पुढे काय घडते या कुतूहलापेक्षा आता ते कसे घडते याची आतुरता तेथे अधिक असे. ज्ञात गोष्टही मन धरून ठेवू शकते, हा या परंपरेने दिलेला पहिला धडा होय.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छापील गोष्ट आली ती मुख्यतः भाषांतरांच्या रूपाने आणि शालेय उपयोगासाठी. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 'बाळमित्र', 'इसापनीतिकथा' आणि 'वेताळपंचविशी' ही पुस्तके मराठीत आणली. पुढे १८६० च्या दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी सुरू केलेले 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' हे भाषांतर अफाट लोकप्रिय झाले. या पुस्तकाचे नावच त्या काळच्या अभिरुचीचा पुरावा आहे. गोष्ट वाचावी ती सुरस असेल तर, आणि सुरस असण्याचा जवळचा मार्ग म्हणजे चमत्कारिक असणे, हे समीकरण शीर्षकातच बांधलेले होते.

याच समीकरणावर त्या काळातील स्वतंत्र कादंबरी उभी राहिली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली प्रसिद्ध झाली. राजपुत्र, सद्गुणी नायिका, दुष्ट प्रधान, वियोग, अपहरण, योगायोगाने होणारे पुनर्मीलन अशा सामग्रीची एक मोठी मालिका तिच्यामागून निर्माण झाली. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही या मालिकेतील विशेष गाजलेली कादंबरी.

रिसबुडांची अडचण

'मंजुघोषे'तील कथानक आज वाचले जात नाही. तिची प्रस्तावना मात्र मराठी वाङ्मयेतिहासात टिकून आहे. अद्भुताचा आश्रय का करावा लागतो, याचे कारण रिसबुडांनी तीत प्रांजळपणे सांगितले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या लोकांची विवाहाची रीत आणि इतर काही कारणे यांमुळे हिंदूंच्या चरित्रात मन वेधून घेतील असे दुर्गुणही आढळत नाहीत आणि सद्गुणही आढळत नाहीत. नित्य अनुभवाच्या गोष्टी लिहाव्यात तर त्यांत चटकदार असे काही राहत नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहावयाचे झाल्यास लेखकाला अद्भुताकडे वळणे भाग पडते.

या विधानाचे दोन भाग वेगळे करून पाहणे अगत्याचे आहे. पहिला भाग असा की, गोष्टीने वाचकाचे मन वेधले पाहिजे. दुसरा भाग असा की, आपल्या रोजच्या जगण्यात मन वेधणारे काही नाही. पहिला भाग वाङ्मयविषयक आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. दुसरा भाग मात्र वाङ्मयविषयक नसून समाजाविषयीचे मत आहे. मुलामुलींची लग्ने बालवयात वडीलधाऱ्यांनी ठरवावयाची, परस्परांची निवड नाही, प्रणयाराधन नाही, मग कथानक कोठून यावे, ही त्यामागील अडचण होती. इंग्रजी कादंबरी पुष्कळदा विवाहापाशी संपत असे; येथे विवाह आयुष्याच्या प्रारंभीच उरकलेला असे.

रिसबुडांना अप्रामाणिक किंवा अज्ञ म्हणता येणार नाही. त्यांच्यासमोर नमुना होता तो संस्कृत-फार्सी अद्भुतकथांचा आणि इंग्रजी प्रणयकथांचा. या दोन्ही चौकटींत न बसणारे जीवन त्यांना रिकामे दिसले. तथापि त्यांच्या सुमारे दशकभर आधी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले होते आणि त्यात हिंदू विधवांच्या स्थितीचे प्रत्यक्ष चित्रण होते, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते. सामग्री अस्तित्वात होती आणि एका लेखकाने तिला हातही घातला होता. परंतु 'यमुनापर्यटन' धर्मप्रचाराच्या व सुधारणेच्या हेतूने लिहिलेले असल्याने त्यातील प्रसंग हे बहुतांशी युक्तिवादाचे दाखले बनले. वाचकाला काय पटवावयाचे हे आधीच ठरलेले असल्यामुळे पात्रांना स्वतंत्रपणे जगण्यास अवकाश उरला नाही. विषय जिव्हाळ्याचा असणे हे वाचनीयतेला पुरेसे नाही, हेही याच काळात दिसून आले.

'आजकालच्या गोष्टी' : हरिभाऊ आपटे यांचे उत्तर

१८९० मध्ये हरि नारायण आपटे यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. नाव करमणुकीचे असले, तरी करमणुकीच्या द्वारे बोध हा त्याचा उद्देश होता. आपल्या सामाजिक कादंबऱ्यांच्या मालेला हरिभाऊंनी 'आजकालच्या गोष्टी' असे नाव दिले. 'सुरस व चमत्कारिक' या नावाशेजारी 'आजकालच्या' हे नाव ठेवून पाहिले म्हणजे अवघ्या तीस वर्षांत अभिरुचीने घेतलेले वळण ध्यानात येते. दूरचा देश आणि लांबचा काळ यांची जागा येथला देश आणि आजचा काळ यांनी घेतली.

या मालेतील 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणुकी'त क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू या मुलीने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली ही आत्मकथा आहे. बालपण, लवकर झालेले लग्न, सासरचा जाच, पतीच्या सहवासात लाभलेले थोडेसे सुख, वैधव्य आणि बळजबरीने केले गेलेले केशवपन, असा तिचा प्रवास आहे. यात राजपुत्र नाही, अपहरण नाही, शाप नाही. तरीही आठवड्यामागून आठवडे वाचक यमूची वाट पाहत राहिले.

येथे एक गोष्ट ठळकपणे नोंदविली पाहिजे. ज्या विवाहपद्धतीमुळे आपल्या जीवनात चित्तवेधक असे काही उरत नाही असे रिसबुडांनी म्हटले होते, नेमकी तीच विवाहपद्धती हरिभाऊंच्या कथानकाचा गाभा बनली. बालविवाह हा कथेचा अडसर राहिला नाही. तो कथेचा उगम ठरला. हे स्थित्यंतर केवळ एका लेखकाच्या प्रतिभेमुळे घडले असे नव्हे. कादंबरी प्रसिद्ध होत असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा संमत झाला. त्यावरून महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, प्रचंड वादळ उठले होते. घराच्या आतील जे व्यवहार आजवर चर्चेचा विषयच नव्हते, ते वर्तमानपत्रांत आणि सभांत आले. समाजाने ज्याबद्दल प्रश्न विचारला, ते गोष्टीत सांगण्याजोगे ठरले.

पण याच प्रश्नावर लिहिलेली शेकडो व्याख्याने आज विस्मृतीत गेली आणि यमू राहिली, याचे कारण निवेदनात आहे. यमू सुधारकांची बाजू मांडत नाही. ती आपल्या घरातील माणसे, त्यांचे बोलणे, रुसवे, स्वयंपाकघरातील कुजबूज सांगते. तिच्या बोलण्यात बायकी बोलीचा गोडवा आहे. वाचकाला दुःखाचा निर्णय दिला जात नाही. दुःख घडताना दाखविले जाते. 'यमुनापर्यटन' आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' यांचा विषय जवळचा असूनही त्यांच्या परिणामात जो फरक पडला, तो येथे आहे.

हरिभाऊंनी 'करमणुकी'तून लहान कथाही लिहिल्या; त्यांना ते 'स्फुट गोष्टी' म्हणत. त्यांपैकी 'काळ तर मोठा कठीण आला' ही दुष्काळाने गांजलेल्या गरिबांची कथा विशेष उल्लेखनीय आहे. पुण्यातील पांढरपेशा घरांचा उंबरठा ओलांडून हरिभाऊंची दृष्टी येथे बाहेर गेली. मात्र त्यांच्या एकूण लेखनात असे प्रसंग अपवादात्मकच राहिले. रिसबुडांच्या विधानातील 'आपले जीवन' या शब्दांत कोणाकोणाचा समावेश होतो, हा प्रश्न हरिभाऊंच्या यशानंतरही शिल्लक होता.

'संपूर्ण गोष्ट' आणि मासिकांचा काळ

वाचनीयतेचे स्वरूप ठरविण्यात लेखकाइतकाच प्रकाशनाच्या माध्यमाचा वाटा असतो. साप्ताहिकात क्रमशः येणाऱ्या कथेला प्रत्येक हप्त्याच्या शेवटी उत्सुकता शिल्लक ठेवावी लागते. मासिकातील कथेला मात्र एका अंकात पुरे व्हावे लागते. १८९५ मध्ये काशीनाथ रघुनाथ आजगावकर यांनी 'मनोरंजन' मासिक सुरू केले. बंगाली साहित्याच्या ओढीने त्यांनी 'मित्र' हे आडनाव धारण केले होते. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला आणि मराठीतील दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. सणाच्या फराळाबरोबर कथा वाचण्याची जी सवय मराठी मध्यमवर्गाला जडली, तिचा उगम येथे आहे.

'मनोरंजन'मधील कथेला 'संपूर्ण गोष्ट' असे नाव रूढ झाले. या नावात एक वाङ्मयीन अपेक्षा दडलेली आहे. एका बैठकीत वाचून होणारी, आरंभ आणि शेवट असलेली, वाचून ठेवल्यावर पूर्ण झाल्याचे समाधान देणारी ती गोष्ट. वि. सी. गुर्जर यांनी बंगाली कथाकार प्रभातकुमार मुखोपाध्याय यांच्या प्रभावाखाली ही गोष्ट लोकप्रिय केली. गैरसमज, चुकामूक, तरुण मनांचे अवघडलेपण आणि शेवटी होणारा गोड उलगडा हा तिचा साचा होता. १९२२ मध्ये याच मासिकात दिवाकर कृष्ण यांची 'अंगणातला पोपट' ही कथा आली. घटनेकडून मनाच्या हळुवार हालचालींकडे वळलेली ही कथा मराठी कथेच्या इतिहासात नव्या वळणाची खूण मानली जाते. त्यांचा 'समाधी व इतर सहा गोष्टी' हा संग्रह १९२७ मध्ये निघाला. अवघ्या सात कथांचे हे पुस्तक. पण गोष्टीतील रस बाहेरच्या उलथापालथीपेक्षा आतल्या व्यथेत असू शकतो, हे त्याने सिद्ध केले.

तंत्राचे युग व त्याची मर्यादा

१९३१ साली ना. सी. फडके यांचा 'प्रतिभासाधन' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कथा वाचनीय कशी करावी, हे शिकता व शिकविता येते, ही त्यामागील भूमिका होती. आकर्षक प्रारंभ, वाढती गुंतागुंत, पराकोटी, कलाटणी आणि उकल अशा क्रमाने कथेची बांधणी समजावून सांगितली जाऊ लागली. 'स्फुट' आणि 'संपूर्ण' ही विशेषणे मागे पडून 'लघुकथा' हा शब्द स्थिरावला. फडक्यांच्या या कामगिरीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कथा ही सहज सुचणारी हकीकत नसून ती रचावी लागते, याची जाणीव त्यांनी लेखकांना आणि वाचकांना दिली. पसरट, बोधप्रचुर कथेला शिस्त लागली.

तथापि तंत्राने रिसबुडांचा मूळ प्रश्न सोडविला नाही, त्याला बगल दिली. जीवनात चित्तवेधक असे काही आहे की नाही, याची चिंता आता उरली नाही. रचनेच्या कौशल्याने कोणतीही सामग्री चित्तवेधक करता येते असा विश्वास निर्माण झाला. परिणामी सामग्रीचे क्षेत्र आकुंचित होत गेले. सुस्थित तरुण, सुस्वरूप तरुणी आणि त्यांच्यातील प्रेमाचा पेच यांभोवतीच असंख्य कथा फिरू लागल्या. 'कलेसाठी कला' व 'जीवनासाठी कला' हा फडके-खांडेकर वाद याच काळातला. वि. स. खांडेकरांनी ध्येयवादाचा आग्रह धरला खरा, परंतु त्यांच्या कथेतही कल्पनारम्यता व अलंकरण यांचा वरचष्मा राहिला. या तंत्रनिष्ठेची थट्टा करण्याचे काम य. गो. जोशी यांनी केले. 'ग्यानबा तुकाराम आणि टेक्निक' ही त्यांची कथा शीर्षकापासूनच या वादात उतरते. घरगुती जिव्हाळ्याच्या साध्या कथाही वाचकाला गुंतवू शकतात, हे त्यांनी लिहून दाखविले.

याच दशकात एका पुस्तकाने चित्तवेधकतेचा प्रश्न पुन्हा समाजाच्या दारात आणून उभा केला. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, मिळवत्या, परंतु अविवाहित राहिलेल्या किंवा मनाविरुद्ध जगणाऱ्या मुलींच्या मनातील गोष्टी त्यात होत्या. पुस्तकावर गदारोळ उठला, लेखिका कोण याचा शोध घेतला जाऊ लागला. या टोपणनावामागे मालती बेडेकर होत्या. फडक्यांच्या कथेतील तरुणी वाचकांना प्रिय होती. तीच तरुणी स्वतःविषयी बोलू लागताच ती आक्षेपार्ह ठरली. हा विरोधाभास महत्त्वाचा आहे. कोणाविषयी सांगितले जाते, एवढ्यापुरता प्रश्न मर्यादित नसून कोण सांगते हाही त्याचाच भाग आहे, हे या संग्रहाने दाखविले.

नवकथा आणि माणदेशची माणसे

दुसरे महायुद्ध, टंचाई, शिधावाटप, फाळणी आणि वाढती महानगरे यांच्या पार्श्वभूमीवर मराठी कथेत जो पालट झाला, त्याला 'नवकथा' असे नाव मिळाले. गंगाधर गाडगीळ यांचा 'मानसचित्रे' हा संग्रह १९४६ मध्ये, तर 'कडू आणि गोड' १९४८ मध्ये आला. अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांची नावे त्यांच्यासोबत घेतली जातात. १९३३ मध्ये सुरू झालेले 'सत्यकथा' मासिक या कथेचे व्यासपीठ ठरले. संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहून कथेची चर्चा करीत आणि प्रसंगी पुनर्लेखन सुचवीत.

गाडगीळांच्या कथेत सांगण्याजोगी घटना पुष्कळदा सापडत नाही. कारकून, चाळकरी, बाजारहाट करणारी माणसे यांच्या मनातील क्षुद्र, विसंगत, अर्धवट जाणिवा हाच तिचा विषय. रिसबुडांना जे नित्य अनुभवाचे म्हणून त्याज्य वाटले, त्याच्याही तळाशी गाडगीळ गेले. कलाटणी गेली, उकल गेली, आणि तरीही कथा राहिली. वाचकवर्गाचा एक भाग यामुळे दुरावला, ही तक्रार निराधार नाही. परंतु कथेला घटनेची सक्ती नाही हे एकदा सिद्ध झाल्यावर मागे जाणे शक्य नव्हते.

माडगूळकरांचा मार्ग वेगळा होता. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या 'माणदेशी माणसे' या पुस्तकाला व्यक्तिचित्रे म्हणावे की कथा, यावर मतभेद आहेत. परंतु त्याची वाचनीयता वादातीत आहे. त्यातील 'धर्मा रामोशी' हे चित्र उदाहरणादाखल घेता येईल. वस्त्रावाचून हाल काढणाऱ्या धर्माला एक धोतर दिले जाते. त्यानंतरही तो फाटक्यातच दिसतो, म्हणून देणाऱ्याला राग येतो. मग ते धोतर त्याच्या मुलीच्या अंगावर दिसते आणि उलगडा होतो. घटना एवढीच. तंत्राच्या भाषेत बोलावयाचे तर येथे गुंतागुंत आहे, कलाटणीही आहे. परंतु ती लेखकाने रचलेली वाटत नाही, दारिद्र्याने रचलेली वाटते. देणाऱ्याचा राग हा वाचकाचाही राग असतो, आणि म्हणून त्याची शरमही वाचकाच्या वाट्याला येते. अशा ठिकाणी कथा वाचकाला रंजविण्याबरोबरच त्याचा एक चुकीचा ग्रह त्याच्याच हातून मोडविते.

माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी पुढे एकत्रितपणे कथाकथनाचे कार्यक्रम करून ग्रामीण कथा गावोगावच्या श्रोत्यांपर्यंत नेली. एकोणिसाव्या शतकात मागे पडलेला श्रोता येथे पुन्हा भेटला. कीर्तनाच्या श्रोत्याप्रमाणे या श्रोत्यालाही कित्येक कथा पाठ झाल्या होत्या. तरी तो पुन्हा येत असे.

'आपले जीवन' कोणाचे? साठे आणि बागूल

ग्रामीण कथेने गाव आणले, तरी गावकुसाबाहेरचे जीवन बव्हंशी गावाच्या दृष्टीनेच पाहिले जात होते. ते आतून सांगण्याचे काम अण्णा भाऊ साठे आणि बाबूराव बागूल यांनी केले. अण्णा भाऊंच्या 'स्मशानातील सोनं' या कथेतील भीमा हा खाणीतील काम सुटलेला मजूर. पोटासाठी तो मढ्यांच्या राखेत आणि पुरलेल्या प्रेतांत सोने शोधू लागतो. रात्रीच्या काळोखात एका प्रेतावरून कोल्ह्यांशी त्याची झुंज होते, प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती त्याला गमवावी लागतात. ज्या दिवशी तो कामाला अपात्र होतो, त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. स्मशान, मध्यरात्र, प्रेत आणि गुप्त धन ही सामग्री 'वेताळपंचविशी'ला शोभणारी आहे. परंतु येथे वेताळ नाही, भूक आहे. एकोणिसाव्या शतकाने जे अद्भुत कल्पनेतून आणले, ते येथे बेकारीतून आले आहे.

बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. शीर्षककथेतील दलित तरुण रेल्वेतील नोकरीसाठी परगावी येतो. राहण्यास खोली मिळावी म्हणून तो आपली जात उघड होऊ देत नाही. तो शिकलेला आहे, तेजस्वी आहे, भोवतालची माणसे त्याचा आदर करतात. आणि त्या आदराच्या प्रत्येक क्षणाखाली भीती दडलेली आहे. अखेर जात उघड होते, त्याला मारहाण होते आणि त्याच्याच समाजातील काशीनाथ त्याला सोडवितो.

वाचनीयतेच्या दृष्टीने या कथेचे विश्लेषण केल्यास एक लक्षणीय गोष्ट हाती येते. वेषांतर आणि ओळख उघड होण्याची टांगती तलवार ही अद्भुतकथेतील सर्वांत जुनी युक्ती. 'मुक्तामाले'च्या काळातील राजपुत्र वेष पालटून परक्या नगरीत राहत असे. बागुलांच्या नायकाला वेषही पालटावा लागत नाही. एक शब्द न उच्चारणे एवढेच त्याचे वेषांतर. राजपुत्राची ओळख पटली म्हणजे त्याला राज्य मिळे. याची ओळख पटताच याला मार मिळतो. भाड्याची खोली मागण्यासारख्या नित्य अनुभवाच्या प्रसंगात जी उत्कंठा आहे, ती कोणत्याही अद्भुतकथेत नाही. रिसबुडांच्या प्रस्तावनेला सुमारे शतकाने मिळालेले हे सर्वांत परिपूर्ण उत्तर होय. हे उत्तर मिळण्यास शतक लागले, कारण ज्यांच्या जीवनात ही उत्कंठा रोजची होती, त्यांच्या हाती लेखणी यावयास तेवढा काळ लागला. १९६० च्या दशकात लघुनियतकालिकांनी प्रस्थापित मासिकांच्या अभिरुचीला जे आव्हान दिले आणि दलित साहित्याने पुढे जे प्रश्न विचारले, त्यांच्या मुळाशी हीच वस्तुस्थिती होती.

एक अपवाद आणि एक उपेक्षा

वरील विवेचनावरून मराठी कथेचा प्रवास अद्भुताकडून वास्तवाकडे सरळ रेषेत झाला, असा समज होण्याचा संभव आहे. तो खरा नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'काजळमाया' (१९७२) आणि 'रमलखुणा' (१९७५) या संग्रहांत अनाम प्रवासी, अज्ञात नगरे, भविष्यवाणी असे सारे अद्भुत परत येते. परंतु नियती, अहंता आणि माणसाच्या निवडीची किंमत यांसारखे प्रश्न एरवी ज्या तीव्रतेने विचारता आले नसते, ते विचारण्यासाठी जी. एं.नी ते योजले आहे. वाचकाची वास्तवातून सुटका करण्यासाठी नव्हे. अद्भुत आणि वास्तव या विभागणीवर चित्तवेधकता अवलंबून नाही, हेच यातून दिसते.

दुसरीकडे बाबूराव अर्नाळकर यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराहून अधिक आहे. झुंजार, काळापहाड या त्यांच्या नायकांनी कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. वाङ्मयेतिहासात मात्र त्यांना फारच थोडी जागा मिळाली. जे मोठ्या प्रमाणावर वाचले जाते ते समीक्षेला वाचनीय वाटत नाही आणि समीक्षा ज्याला श्रेष्ठ म्हणते ते सामान्य वाचकाच्या हाती पडत नाही, ही दरी मराठीत आजही बुजलेली नाही. बागुलांसारखा लेखक उत्कंठेचा उपयोग गंभीर प्रयोजनासाठी करू शकतो, हे ध्यानात घेतल्यास उत्कंठेला हीन लेखण्याचे कारण उरत नाही.

निष्कर्ष

१. कथेने वाचकाचे मन वेधले पाहिजे, ही रिसबुडांची अपेक्षा मराठी कथेने कधीही सोडली नाही. नित्याच्या जीवनात मन वेधणारे काही नाही, हे त्यांचे गृहीतक मात्र प्रत्येक पिढीने नव्या क्षेत्रात खोटे ठरविले.

२. प्रत्येक खंडनाबरोबर 'आपले जीवन' या शब्दांचा परीघ रुंदावला. हरिभाऊंनी माजघर, शिरूरकरांनी सुशिक्षित स्त्रीचे मन, गाडगीळांनी चाळ, माडगूळकरांनी माणदेश आणि साठे-बागुलांनी गावकुसाबाहेरचे जग त्या परिघात आणले.

३. केवळ विषयाचे महत्त्व कथेला वाचनीय करीत नाही, हे 'यमुनापर्यटना'च्या मर्यादेवरून, आणि केवळ तंत्र तिला टिकाऊ करीत नाही, हे तंत्रनिष्ठ लघुकथेच्या मर्यादेवरून स्पष्ट होते. पात्राला गमावण्याजोगे काहीतरी असणे आणि ते गमावले जाण्याची भीती वाचकाला आपली वाटणे, हे टिकलेल्या कथांमधील समान सूत्र आहे. यमूचा सन्मान, धर्माच्या लेकीची लाज, भीमाची बोटे आणि बागुलांच्या नायकाची खोली या सर्व ठिकाणी ते आढळते.

४. स्फुट गोष्ट, संपूर्ण गोष्ट, लघुकथा, नवकथा ही बदलती नावे वाचनीयतेच्या बदलत्या कल्पनांची निदर्शक आहेत. म्हणून कोणत्याही एका काळाचे निकष सार्वकालिक मानणे इतिहासाला धरून होणार नाही.

महाविद्यालयीन अध्यापनात कथेचे विवेचन अद्यापही पुष्कळदा प्रारंभ, पराकोटी आणि उकल या घटकांच्या आधारे केले जाते. १९३१ च्या सुमारास रूढ झालेली ही मोजपट्टी रचना समजून घेण्यास उपयुक्त आहे. परंतु तिने 'धर्मा रामोशी' मोजता येतो, त्याच्या लेकीच्या अंगावरचे धोतर पाहून आलेली शरम मोजता येत नाही. वर्गात बसलेला एखादा विद्यार्थी आपल्या घरात, आपल्या वस्तीत सांगण्यासारखे काही नाही असे मानत असेल, तर तो नकळत रिसबुडांचीच अडचण पुन्हा मांडीत असतो. ती अडचण दूर करण्यास लागलेल्या शंभर वर्षांचा इतिहास त्याच्यापुढे ठेवणे, हे कथेच्या अध्यापनाचे एक प्रयोजन ठरू शकते.